इंग्लिश मफिनला जाळी पडत नाहीये, काय चुकतंय?

गोदाकाठची | रविवार, सकाळी ११:४०

मंडळी, तिसरा रविवार वाया गेला म्हणून शेवटी धागा काढतेय.

आधी एक खुलासा, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यातच जातील. कागदाच्या वाटीतला, वर चॉकलेट टोचलेला तो केकवाला मफिन नव्हे. इंग्लिश मफिन म्हणजे यीस्ट घालून आंबवलेला, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजलेला, तळहाताएवढा चपटा पाव. वरून-खालून सपाट आणि खरपूस, कडेला पांढरा पट्टा, अंगाला रवा चिकटलेला. मधोमध दुभंगायचा, टोस्ट करायचा, लोणी लावायचं. मॅकडोनाल्ड्सच्या मॅकमफिनमध्ये जो पाव असतो तो हाच.

आम्ही सहा वर्षं न्यू जर्सीत होतो. तिथे सहाचं पाकीट दर शनिवारी घरात यायचं. नाशिकला परतल्यावर सगळं मिळालं, हल्ली सावरडोसुद्धा मिळतो, हा मात्र कुठे दिसला नाही. म्हटलं, ओव्हन लागत नाही, तवाच लागतो, मग अडलंय कुठं?

अडलंय ते असं. मैदा, दूध, लोणी, साखर, मीठ, इन्स्टंट यीस्ट. कणीक मळली, दुप्पट फुगली, लाटली, पेल्याने गोल कापले, रव्यात घोळवले, भाजले. पहिल्या वेळी बाहेरून करपले, आत कच्चे. दुसऱ्या वेळी शिजले, पण कापल्यावर आत चक्क लादीपाव. आज परत लादीपाव, फक्त बुटका. लेकाने मिसळीबरोबर पाचही संपवले. पण नाशकात मिसळीबरोबर कुठलाही पाव संपतो, ते काही प्रमाणपत्र नव्हे.

मला ती जाळी हवीय. उघडल्यावर खड्डे-खळगे दिसले पाहिजेत, लोणी वरवर न पसरता त्यात उतरलं पाहिजे. कोणी घरी केलेत का?

मिरगुंड | रविवार, सकाळी ११:५२

फोटो कुठाय? फोटोशिवाय पाकृ (पाककृती) म्हणजे गुन्हा आहे इथे.

गोदाकाठची | रविवार, दुपारी १२:०५

पाकृ कुठाय, तक्रार आहे ही. आणि बुटक्या लादीपावाचा फोटो काय टाकायचा!

तवामास्तर | रविवार, दुपारी १२:३०

ताई, तीन प्रश्न. मैदा किती आणि द्रव किती? आच कशी होती? आणि शेवटी उघडलात कशाने?

गोदाकाठची | रविवार, दुपारी १२:४१

२५० ग्रॅमला १५० मिली दूध. आच मध्यम. उघडले सुरीने, ब्रेडच्या करवती सुरीने.

तवामास्तर | रविवार, दुपारी १:१५

मग तिन्ही उत्तरं मिळाली.

१५० मिलीत झाली ती पावाची कणीक. पावाला ती ठीक आहे, कारण पावाला बारीक, एकसारखा पोत हवा असतो. मफिनला तोच नको. मफिनची कणीक पुरणपोळीच्या कणकेसारखी सैल पाहिजे. परातीतून हात उचलला की मागून तार आली पाहिजे. पहिल्यांदा करताना तुम्हाला वाटेल की बिघडलं, मैदा अजून घालावा. घालू नका. त्या क्षणी घातलेली मूठभर मैद्याची पिठीच तुमची जाळी खाते.

दुसरं, लाटणं आजपासून बंद. रात्रभर आंबवून जे बुडबुडे जमवले ते लाटण्याखाली सगळे फोडायचे आणि मग जाळी कुठे गेली विचारायचं, असं आहे ते.

तिसरं सुरी. त्याबद्दल कोणी परदेशस्थ सांगेल, मला जेवायला हाक आलीय.

रेडिंगकर | रविवार, दुपारी ३:२०

परदेशस्थ हजर. इकडे इंग्लंडात सकाळचे पावणेअकरा वाजलेत आणि योगायोगाने समोर ताटलीत मफिनच आहे.

सुरी अजिबात नाही. काट्याने कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर गोल फिरत टोचत जायचं, दात मध्यापर्यंत पोचू द्यायचे, आणि मग दोन्ही हातांनी अलगद ओढून दोन भाग करायचे. फाटताना तो जिथे कमजोर असतो तिथे फाटतो, म्हणजे बुडबुड्यांच्या भिंतींमधून. म्हणून पृष्ठभाग खडबडीत राहतो. सुरी त्या सगळ्या भिंती सपाट चोपून टाकते. टोस्ट केल्यावर उंचवटे करकरीत होतात, खळगे मऊ राहतात, आणि सगळी गंमत त्या दोन्हींत आहे.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. हॅना ग्लास यांच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकात मफिनची कृती आहे, आणि तिथेच बजावलंय की हाताने उघडा, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसेल. सुरी लावलीत, मग ती उघडायला असो की लोणी फासायला, तर मफिन शिशासारखा जड होईल. पावणेतीनशे वर्षं झाली सांगून, लोक अजून सुरी काढतातच. (माझी बायकोसुद्धा. तिला धागा दाखवतोय.)

चिऊचं_घरटं | रविवार, दुपारी ४:०२

म्हणजे ते वर भोकं भोकं असलेलं असतं ना, तेच ना हे? मी यूट्यूबवर पाहिलं होतं, डोशासारखं पीठ कड्यात ओततात.

रेडिंगकर | रविवार, दुपारी ४:३०

नाही, ते क्रम्पेट. सगळे तिथेच फसतात. क्रम्पेटचं पीठ ओतण्याइतकं पातळ, कड्यात ओतून मुख्यतः खालूनच भाजायचं, म्हणून भोकं वरपर्यंत येतात. आंबोळीचा जाड इंग्रज चुलतभाऊ समजा. मफिनची कणीक असते, ती दोन्ही बाजूंनी भाजली जाते, म्हणून वरून सपाट आणि जाळी पोटात. ती उघडल्याशिवाय दिसत नाही.

पिठूर_चांदणं | रविवार, संध्या. ६:१०

मास्तरांच्या म्हणण्याला एक पुरवणी. परदेशी पाकृतलं पाण्याचं प्रमाण आपल्या मैद्याला जसंच्या तसं लावू नका. तिथे ब्रेडसाठी वेगळं पीठ मिळतं, त्यात प्रथिनं १२-१३ टक्के असतात. आपला नेहमीचा मैदा १० च्या आसपास. प्रथिन कमी म्हणजे ग्लुटेन (कणकेला ताण देणारं, वायू धरून ठेवणारं प्रथिन) कमी, म्हणजे तेवढं पाणी पेलत नाही. अमेरिकन पाकृत १०० ग्रॅमला ८५ मिली लिहिलं असेल तर आपण ७५ ते ७८ ला थांबावं. नाहीतर कणीक राहत नाही, खळ होते.

एका बाबतीत मात्र आपण पुढे आहोत. त्यांच्या जुन्या पाकृंमध्ये दूध उकळून गार करून घ्या असं लिहिलेलं असतं, कारण न तापवलेल्या दुधातली काही प्रथिनं कणकेला ढिली पाडतात. आपल्याकडे दूध घरात आलं की आधी गॅसवर जातं. फक्त ते गार झालंय ना बघा. कढत दुधात यीस्ट मरतं.

शतायुषी_भव | रविवार, संध्या. ७:४५

मैदा वाईट. नाचणीचे होतील का?

पिठूर_चांदणं | रविवार, संध्या. ७:५०

होतील. त्याला भाकरी म्हणतात.

(रागावू नका. चौथा भाग मैदा काढून तिथे चपातीची कणीक घाला, चव उलट चांगली येते, पाणी मात्र चमचा-दोन चमचे वाढवा. त्यापुढे गेलात की कोंड्याची कुसं ग्लुटेनची जाळी कापायला लागतात. नाचणीत ग्लुटेनच नाही, मग वायू धरणार कोण?)

इराण्याचा_गल्ला | रविवार, रात्री ९:०५

एवढा खटाटोप पाहून हसू येतंय. बनमस्का खा, चहा प्या, झोपा.

गोदाकाठची | रविवार, रात्री ९:१२

बनमस्क्याला नावं ठेवली तर इथून हाकलतील, म्हणून ठेवत नाही. पण बनमध्ये मस्का दोन भागांच्या मध्ये थर होऊन बसतो. मफिनमध्ये तो आत जिरतो. या दोन वेगळ्या इच्छा आहेत, दादा.

जुनी_पानं | सोमवार, सकाळी ८:२०

धागा वाचून राहवलं नाही. अवांतर आहे, पण खाण्याच्या धाग्यावर अवांतर नसेल तर मजा काय.

मुळात इंग्लंडात याला नुसतं मफिनच म्हणत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर मफिनवाले फिरायचे, डोक्यावर पाटी, वर ऊब राहावी म्हणून लोकरीचं कापड, हातात घंटा. इंग्रजी माध्यमातली आपली पोरं बालवाडीत ज्या ड्रुरी लेनच्या मफिनवाल्याचं गाणं घोकतात तो हाच. त्याच्या पाटीत चॉकलेटचे कपकेक नव्हते. माझ्या नातीच्या पुस्तकात मात्र चित्र कपकेकचं छापलंय.

‘इंग्लिश’ हे शेपूट लागलं अमेरिकेत. प्लिमथचा सॅम्युअल बाथ थॉमस नावाचा माणूस १८७४ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि १८८० मध्ये त्याने स्वतःची बेकरी टाकली. तो आपल्या मालाला आधी ‘टोस्टर क्रम्पेट’ म्हणायचा. त्याची दुसरी बेकरी चेल्सी भागात वेस्ट २० व्या रस्त्यावर होती, त्या इमारतीला आजही मफिन हाउस म्हणतात. गोदाकाठचीताई न्यू जर्सीत जे पाकीट आणत होत्या ते बहुधा याच थॉमसच्या नावाचं असणार.

आणि आता ऐका, जाळीवरून खटला झालाय. तो ब्रँड आता बिम्बो या मेक्सिकन समूहाकडे आहे. मफिनला जाळी नेमकी कशी पाडायची याचं पूर्ण ज्ञान कंपनीत फक्त सात जणांना होतं. त्यातले एक वरिष्ठ अधिकारी प्रतिस्पर्धी कंपनीत निघाले. कंपनी कोर्टात गेली, आणि २०१० मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयाने त्यांना तिथे रुजू व्हायला मनाई केली. अपिलातही मनाई कायम राहिली.

मिरगुंड | सोमवार, सकाळी ८:३१

म्हणजे गोदाकाठचीताई आपण आठवे!

तवामास्तर | सोमवार, सकाळी ९:००

मी आधीच तार आली पाहिजे म्हणून बसलोय. आता माझ्यावर खटला.

ओल्डहॅमची_वहिनी | सोमवार, दुपारी २:१५

जुनी_पानं, तुमच्या ‘नुसतं मफिन’मध्ये आमच्याकडे अजून एक घोळ आहे. मँचेस्टरच्या उत्तरेला, ओल्डहॅम-रॉचडेल-बरीकडे, साध्या गोल पावालाच मफिन म्हणतात. नवीन आले तेव्हा चिप्सच्या दुकानात बाईने विचारलं, चिप मफिन देऊ का? मला वाटलं गोड केकमध्ये बटाट्याचे तळलेले काप. घाबरून नको म्हटलं. महिनाभराने कळलं की तो आपला वडापावच, फक्त वड्याऐवजी काप, आणि चटणीच्या जागी व्हिनेगर. एक महिना उपाशी राहिले हो उगाच.

मांडवीपार | सोमवार, रात्री ८:४०

लंडनची घंटा गेली, पण आमच्या गोव्यात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू अजून वाजतो. पहाटे सायकलवर टोपली, वर निळं प्लास्टिक, पों पों. मफिनचा फोटो शोधून पाहिला तर आधी आमची पोईच आठवली, कारण तीही चपटी आणि अंगाला कोंडा. पण पोई भट्टीत फुगते आणि आत पोकळ खिसा होतो, जाळी नाही. पाव तव्यावर भाजायचा ही कल्पनाच आमच्या पोदेराला सांगितली तर तो म्हणाला, मग त्याला पाव का म्हणता?

प्रश्न बरोबर आहे. उत्तर कोणाकडे आहे?

रेडिंगकर | सोमवार, रात्री ११:१०

उत्तर साधं आहे, गरिबाच्या घरात भट्टी नसायची, चूल असायची.

गोदाकाठची | बुधवार, रात्री १०:१५

चौथा प्रयत्न. रविवारपर्यंत दम निघाला नाही.

२५० ला १९० मिली घेतलं. मळताना खरंच रडू येईल अशी कणीक. लाटली नाही, ओल्या हाताने गोळे केले. तव्यावर ठेवले आणि ते बसले ना पसरून! मफिन सोडा, उत्तप्पा. शिवाय दुसऱ्या घाण्यापर्यंत तव्यावर सांडलेला रवा काळा होऊन तिसऱ्याला चिकटला, करपट वास स्वयंपाकघरभर. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, “शिरा लागला का गं?”

एक मात्र झालं. काट्याने फाडला तेव्हा उत्तप्प्याच्या पोटात जाळी होती! वाटाण्याएवढी दोन भोकं, बाकी बारीक. पण होती.

चिऊचं_घरटं | बुधवार, रात्री १०:२५

मी पण केले! रवा नव्हता, एका इंग्रजी पाकृत कॉर्नचं काहीतरी लिहिलेलं, म्हणून कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवले. तव्याला असे चिकटले की खरवडून काढले.

पिठूर_चांदणं | बुधवार, रात्री १०:४०

अरे देवा. ते मक्याची भरड म्हणत होते. आपलं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा स्टार्च, मंचूरियनला लावतो ते. ओल्या कणकेला लागलं की खळ. भरड नसेल तर बारीक रवा उत्तम. तो खाली छोट्या छोट्या छऱ्यांसारखा राहतो, कणीक तव्याला टेकतच नाही. आणि दर घाण्यानंतर तवा कोरड्या फडक्याने पुसायचा. गोदाकाठचीताईंचा रवा तिथे करपला.

तवामास्तर | गुरुवार, सकाळी ७:१०

पसरले म्हणजे कडी हवी. सैल कणकेला कड्याशिवाय गत्यंतर नाही. कडं तिला आडवं जाऊ देत नाही, मग ती वर चढते, आणि वर चढली की बुडबुडे उभे ताणले जातात.

कडी विकत आणायची गरज नाही. मी एकदा ऑनलाइन मागवली, दुसऱ्या धुण्यात गंजली. फॉईलचा ३० सेंमी लांब तुकडा घ्या, घड्या घालत घालत अडीच सेंमी रुंद पट्टी करा, गोल वळवून टोकं एकमेकांत दुमडा. ९ सेंमीचं कडं तयार. आतून लोण्याचं बोट फिरवा. चार-पाच वेळा वापरता येतात.

कड्यावरून आठवलं, एग मॅकमफिनसुद्धा एका कड्यातूनच जन्मला. हर्ब पीटरसन म्हणून सांता बार्बराला मॅकडोनाल्ड्स चालवणारे गृहस्थ होते. एग्ज बेनेडिक्ट हा त्यांच्या आवडीचा पदार्थ, म्हणजे मफिनवर हॅम, पाण्यात सोडलेलं अंडं आणि वर हॉलंडेज सॉस. तो हातात धरून खाता येईना. मग १९७२ च्या सुमारास त्यांनी टेफ्लॉनचं कडं करून घेतलं, त्यात अंडं मफिनच्याच मापाचं गोल भाजलं, सॉसऐवजी चीजची चकती, झालं.

आता माझी कृती लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा कोणी विचारणार नाही.

रात्री जेवणं झाल्यावर ३०० ग्रॅम मैदा, सपाट चमचा इन्स्टंट यीस्ट, पोहे खायचा चमचाभर साखर आणि सपाट चमचा मीठ कोरडंच एकत्र करायचं. १५० मिली गार-कोमट दूध आणि ८० मिली पाणी घालून डावाने घोटायचं, हाताने मळायला जाऊ नका. एकत्र झालं की २० ग्रॅम मऊ लोणी. मग वीस मिनिटं झाकून विसरा. परत या, हात ओला करा, कडेने कणीक वर ओढून मध्ये दुमडा, पातेलं फिरवत आठ-दहा वेळा. अशा तीन फेऱ्या, मध्ये वीस-वीस मिनिटं. तिसऱ्या फेरीला तीच खळ कणीक चामड्यासारखी ताणली जाते, त्यासाठी तरी एकदा करून बघा. मग झाकून फ्रिजमध्ये, सकाळपर्यंत.

बाहेर ठेवू नका. नाशिकच्या काय, आमच्या डोंबिवलीच्या उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवलेली कणीक सकाळी ओट्यावर उतरलेली असते. फ्रिजमध्ये हळूहळू आंबते, चव धरते, आणि गार असल्यामुळे हाताळता येते.

सकाळी पाव चमचा खायचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून वरून शिंपडायचा आणि दोन-तीन घड्या घालून मुरवायचा. आंबलेल्या कणकेतल्या आंबटपणाशी त्याची गाठ पडली की पुन्हा वायू सुटतो. यापेक्षा जास्त सोडा नको, साबण लागतो. मग ८० ग्रॅमचे सात गोळे. आठवा निघत नाही, ओढूनताणून काढू नका. ताटात रवा पसरून त्यावर कडी, कड्यात गोळे, वरून रवा, ओलं फडकं, पाऊण तास.

आता खरी परीक्षा. बीडाचा जाड तवा, सगळ्यात लहान बर्नर, तोही सगळ्यात मंद. तरीही तापतोय वाटलं तर खाली जुना लोखंडी तवा सरकवा, बिर्याणीला दम देताना देतो तसा. तवा कोरडा, तेल-तूप काही नाही. कड्यासकट उलथण्याने उचलून ठेवा, झाकण. आठ मिनिटं. उलटा, कडं काढा, झाकण न ठेवता अजून सात-आठ. आच मोठी असेल तर बाहेरचा पापुद्रा आधी आवळतो आणि आतला बुडबुडा फुगायच्या आतच कोंडला जातो. मंद आचेवर त्याला वेळ मिळतो. थर्मामीटर असेल त्यांनी आत ९५ अंश पाहावं, नसेल त्यांनी कडेचा पांढरा पट्टा दाबून पाहावा, बोट उचललं की तो परत वर आला पाहिजे.

आणि गार होऊ द्या. निदान अर्धा तास. गरम फाडलात की आत चिकट लगदा दिसेल आणि तुम्ही परत इथे येऊन मला बोल लावाल.

शतायुषी_भव | गुरुवार, सकाळी ७:४०

एअर फ्रायरमध्ये होतील का?

तवामास्तर | गुरुवार, सकाळी ७:४१

धाग्यात तवा हा शब्द किती वेळा आलाय मोजा.

मांडवीपार | गुरुवार, सकाळी ९:३०

मास्तरांचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. तोंडाला पाणी सुटलं. यीस्ट फ्रिजमध्ये ठेवा हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाकीट फोडलं की हवाबंद बाटलीत, फ्रीझरमध्ये. ओट्यावर राहिलेलं यीस्ट आमच्या दमट हवेत महिन्याभरात मेलं आणि मी दोष मैद्याला देत होतो.

गोदाकाठची | रविवार, सकाळी १०:५०

झाले.

सविस्तर लिहिते, कारण मला कोणाला तरी सांगायचंय आणि घरात ऐकणारे सगळे खाण्यात गुंतलेत.

शनिवारी रात्री मास्तरांच्या बरहुकूम. दुसऱ्या फेरीपर्यंत विश्वास नव्हता. तिसऱ्या फेरीला कणीक पातेल्यातून एकसंध उचलली गेली, खाली पातेलं स्वच्छ. सकाळी झाकण काढलं तर वर दोन मोठे बुडबुडे, विड्याच्या पानावर पाणी तरळावं तसे चकाकत. ते फोडायचा मोह आवरला.

तव्याखाली तवा ठेवला. तीन मिनिटं काहीच होईना, गॅस चालू आहे ना म्हणून दोनदा वाकून पाहिलं. पाचव्या मिनिटाला कड्याच्या वर कणीक अशी संथ डोकं काढायला लागली. उलटला तर एकसारखा बदामी रंग, रव्याचे दाणे भाजून सोनेरी. करपट वास नाही, भाजलेल्या शिऱ्याचा वास, हो, यावेळी खरंच शिऱ्याचा.

अर्धा तास थांबले नाही. वीस मिनिटं थांबले. काटा घेतला, कडेने टोचत फिरले, हाताने ओढला. फाटताना आवाज येतो हे मला न्यू जर्सीत कधी कळलं नव्हतं, तिथे ते आधीच टोचून अर्धवट फाडलेले मिळायचे. ओलं फडकं हळूच ताणल्यासारखा आवाज. आणि आत जाळी! मोठी, वेडीवाकडी, काही खळगे तर इतके खोल की तळ दिसेना. गॅसवर जाळी ठेवून टोस्ट केले, सासूबाईंनी काल काढलेलं पांढरं लोणी वर ठेवलं. ते आधी गोळा होऊन बसलं, मग कडा सैल झाल्या, मग एकेका खळग्यात उतरत गेलं आणि वर नुसती चकाकी उरली.

मिरगुंड | रविवार, सकाळी १०:५३

फोटो?

गोदाकाठची | रविवार, सकाळी १०:५८

संपले की रे.

रेडिंगकर | रविवार, दुपारी ३:०५

अभिनंदन! आता पुढच्या वेळी दुप्पट करा. गार झाले की काट्याने आधी फाडून ठेवा आणि मग फ्रीझरमध्ये टाका. लागेल तेव्हा थेट टोस्ट करता येतात. अख्खे गोठवलेत तर फाडण्यासाठी छिन्नी-हातोडा लागेल. वर काय लावलंत? इकडची रीत लोणी आणि संत्र्याचं मार्मालेड.

ओल्डहॅमची_वहिनी | रविवार, दुपारी ३:४०

आम्ही लोणी आणि मोरावळा. मार्मालेडचा कडवटपणा मोरावळ्यात नाही, पण तुरट-गोड पाक खळग्यांत साठतो तो वेगळाच. लेकाला ठेचा आणि हाफ फ्राय. ठेच्याचं तेलही जाळीत उतरतं, तेव्हा दुसरा घास जपून.

इराण्याचा_गल्ला | रविवार, संध्या. ५:२०

ठीक आहे, केले. गुपचूप केले होते, पण सांगतो. चौथ्याला जाळी पडली. चहात बुडवून कसा लागतो?

गोदाकाठची | रविवार, संध्या. ५:४५

सासूबाईंनी सकाळी हेच केलं. बुडवला, वर काढला, खाल्ला, “बरा आहे, टोस्टापेक्षा मऊ” म्हणाल्या. मग कपात बघितलं तर चहा अर्धा. सगळा जाळीत गेला होता. म्हणाल्या, “हे खायचं तर चहा परत टाक.”